जोडतेबाईंची प्रार्थना

जोडतेबाईंना हे नाव हॉस्पिटलच्या टेलिफोनमुळे मिळालं. कोणी डॉक्टर मागो, स्वयंपाकघर मागो नाहीतर शवागार मागो, पलीकडून त्यांचा एकच शब्द यायचा, "जोडते." आवाज असा, की रडत फोन करणारा माणूसही क्षणभर नाक पुसून सरळ उभा राहायचा. नवे डॉक्टर महिना महिना त्यांना न बघताच ओळखत आणि मग एखाद्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत डोकावून म्हणत, "अहो, जोडतेबाई तुम्हीच का?" त्यांना वाटलेलं असायचं, कोणी उंचपुरी, गोरी बाई असेल. खुर्चीत बसलेली बाई बुटकी, चष्मा लावलेली आणि पायांखाली खोकं घेतलेली असायची, कारण खुर्ची उंच होती आणि ती बदलून द्यायची कोणाला सवड नव्हती.

ही गोष्ट मोबाईल सगळ्यांच्या हाती यायच्या आधीची. वॉर्डातून बाहेर बोलायचं किंवा बाहेरून वॉर्डात, तर बाईंच्या बोर्डावरून जावंच लागे. बोर्डावर ओळीनं दिवे, खाली दोऱ्या आणि प्रत्येक दोरीपाशी एक छोटी कळ. दिवा लागला की दोरी खोचायची, कळ आपल्याकडे ओढून विचारायचं, लाईन लागली की कळ सोडून द्यायची. कळ ओढलेलीच ठेवली तर दोन्हीकडचं सगळं कानात येई, आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नसे. बाईंच्या आधी जी बाई त्या खुर्चीवर होती तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लाईन लागली की कळ सोडायची. एकदा चटक लागली की सुटत नाही." बाईंनी ती चटक लावून घेतली नाही. तरी कळ सोडायच्या आतच कितीतरी कानावर पडायचं. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाचा अहवाल वाईट आलाय, कोण कोणाला फोनवर नाही म्हणायला सांगतंय. यातला ब्र त्यांनी कधी बाहेर काढला नाही. त्यांचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करून करून पाठ धरलेला मिस्त्री, चारचौघांत म्हणायचा, "आमच्या हिच्या पोटात तिजोरी आहे. किल्ली मलाही दिलेली नाही."

आता हीच बाई रविवारी चर्चमध्ये काय करायची ते सांगायला हवं.

चर्चमध्ये मंडळीची, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या कुटुंबांच्या वतीनं करायची, प्रार्थना त्या करत. पाळकसाहेबांचा, म्हणजे तिथल्या पाद्रींचा, उपदेश कोरडा होता. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की पंख्याचा आवाज मोठा वाटायचा. लोक तो उपदेश सोसायचे ते पुढच्या प्रार्थनेसाठी. बाई पहिल्या बाकावरून उठत, चष्मा काढून हातात धरत, डोळे मिटत आणि "हे स्वर्गीय बापा" म्हणत. तेवढ्यानंच मागच्या बाकांवर दोन-चार रुमाल निघायचे. आजारी माणसं, परीक्षेची मुलं, नोकरी गेलेला शेजारी, सगळ्यांना त्या एकेक करून देवापुढे आणून उभं करत. मध्ये थोडं थांबत. त्या थांबण्यात सगळ्या चर्चभर "होय प्रभू, होय" असा हलका सुस्कारा पसरायचा. मग बाई पुढे जात.

उपासना सुटली की दारात लोक त्यांचा हात धरायचे. "बाई, माझ्या जावयाला प्रार्थनेत धरा." "बाई, माझ्या डोळ्यांचं बघा ना जरा." जणू अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा होता. गमतीनं म्हणत, "तुमची लाईन थेट वर लागते, आमची मधेच तुटते." बाई हसून म्हणायच्या, "नेमकं काय झालंय ते सांगा. म्हणजे मागायला बरं." हे वाक्य ध्यानात ठेवा. लोक नेमकं सांगायचे, आणि पुढच्या रविवारी ते नेमकेपणानं, गोड आवाजात, सगळ्यांसमोर देवाला सांगितलं जायचं. हॉस्पिटलात जे पोटात राहायचं ते इथं ओठांवर यायचं, आणि बाईंना त्यात काही वावगं वाटायचं नाही. कारण इथं त्या कोणाविषयी बोलत नव्हत्या, देवाशी बोलत होत्या. लोक फक्त मध्ये बसलेले होते.

कौतुकानं माणूस बिघडत नाही असं ज्याला वाटतं, त्याचं कधी कोणी धड कौतुक केलेलं नसावं. बाई शनिवारी भांडी घासताना पुटपुटायच्या. एखादा शब्द आवडला तर नळ बंद करून तो पुन्हा म्हणून बघायच्या. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा, "उद्याची शिजतेय वाटतं?" बाई चिडायच्या. त्याला बोलायला तोंडच नव्हतं. त्याची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे "देवा, आभार, वाढ." यातलं "वाढ" बायकोला होतं, पण मध्ये श्वासही न घेतल्यामुळे त्यांची मुलगी लहान असताना तो प्रार्थनेचाच भाग समजायची आणि शेजाऱ्यांकडे जेवायला बसली की हात जोडून मोठ्यानं "वाढ" म्हणायची. बाईंना या गोष्टीची लाज वाटायची. मिस्त्री ती प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

त्यांना ती एकच मुलगी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लग्न त्याच मंडळीतल्या घरात झालं, म्हणजे विहीणबाई दर रविवारी दुसऱ्या बाकावर, बाईंच्या बरोबर पाठीमागे बसायच्या. जावई चांगला होता, दोघांचं बिऱ्हाड वेगळं होतं. विजेच्या कामावर दूर दूर जायचा, महिन्यातून घरी कमी आणि बाहेर जास्त.

एका दुपारी मुलगी दुकानातून सरळ माहेरी आली. बाईंनी चहा टाकला. मुलीनं कप हातात धरला पण प्यायली नाही. मग तिनं सांगितलं. ते काय होतं, हे आता सगळ्या मंडळीला माहीत आहे, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. तिचा गर्भ पडला होता, आणि तो पहिला नव्हता. आधीच्या वेळी तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, सासूला नाही, आईलाही नाही. फक्त नवऱ्याला माहीत होतं. ती म्हणाली, "आई, हे तुझ्यापाशी राहू दे. मला फक्त कोणाला तरी सांगायचं होतं." बाईंनी तिला जवळ घेतलं. बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. खरंच झालं, त्यात खोट नव्हती.

आणि त्याच आठवड्यात रविवार आला.

बाई उठल्या, चष्मा काढला, डोळे मिटले. आजारी, विद्यार्थी, बेकार, सगळे झाले. मग त्या थांबल्या. आणि म्हणाल्या, "बापा, माझ्याच घरातल्या एका लेकराचं दुःख आज तुझ्या पायांशी आणते. जिची ओटी भरता भरता रिकामी झाली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा..." चर्चमधून असा सुस्कारा उठला, जसा आजवर उठला नव्हता. त्या सुस्काऱ्यानं बाईंना जणू उचलून धरलं. त्या आणखी दोन वाक्यं बोलल्या. ती बोलायची गरज नव्हती. पण ती फार सुंदर वाक्यं होती.

नाव त्यांनी घेतलं नाही. पण घरात लेकरू एकच, तर नाव घ्यायची गरज काय? आमेन झालं आणि बायकांनी मुलीला गराडा घातला. कोणी तिचा चेहरा हातात धरला, कोणी पोटावर हात ठेवला. एकीनं आपल्या भाचीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. विहीणबाई जागेवरच बसून राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मलाच तेवढं माहीत नव्हतं." मुलगी त्या बायकांमधून वाट काढत बाहेर गेली. दारापाशी तिनं एकदा आईकडे पाहिलं. बाईंना वाटलं ती रडत असेल. ती रडत नव्हती.

त्या दिवसापासून मुलगी ना चर्चमध्ये आली, ना माहेरी. बाई दुकानात गेल्या तर ती आत निघून जायची आणि दुसरी मुलगी विचारायची, "काकू, डोळे तपासायचेत का?" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, स्वतःला दोष दिला, पण मनात कुठंतरी एक वाक्य शिल्लकच होतं: मी वाईट काय केलं? मी तर तिच्यासाठी प्रार्थना केली.

त्यातून दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. काही आठवड्यांनी त्यांनी चर्चमध्ये तुटलेल्या नात्यांसाठी प्रार्थना केली. आई आणि लेक यांच्यामध्ये उभी राहिलेली भिंत पाड, असं म्हणाल्या. पुन्हा रुमाल निघाले. बाहेर पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, त्यांचा हात दाबला आणि म्हटलं, "बाई, या दुःखानं तुमची प्रार्थना किती खोल झालीय हो!" बाईंना ते बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं. मग संध्याकाळी मिस्त्री लेकीकडून परत आला. तो दर रविवारी तिकडे जायचा, काहीबाही दुरुस्त करायचं निमित्त काढून. आज तो चपला काढता काढताच म्हणाला, "भिंतीचं तिच्या कानावर गेलंय. दोन बायका घरी येऊन सांगून गेल्या. आता तर तिनं मलाही तुझं नाव काढायला बंदी केलीय."

दिवस गेले. चर्चची नवी इमारत उभी राहिली. तिच्या समर्पणाच्या उपासनेला मोठे बिशपसाहेब येणार होते, आणि समर्पणाची प्रार्थना अर्थातच जोडतेबाईंनी करायची होती. पाळकसाहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले. बाई आठवडाभर भांडी घासत पुटपुटत होत्या.

शनिवारी दुपारी बोर्डावर बायकांच्या वॉर्डाचा दिवा लागला. बाईंनी दोरी खोचली, कळ ओढली.

"बोला."

पलीकडून आधी श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग शब्द. "बाहेरची लाईन हवी होती."

बाईंनी आवाज ओळखला. आपल्या पोटची मुलगी आपल्याच हॉस्पिटलात, आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर, आणि आपल्याला पत्ता नाही.

"तू इथं? काय झालं? कधी आलीस?"

"आई, बाहेरची लाईन दे." मुलीचा आवाज थकलेला होता. "त्यांच्या कामावर फोन करायचाय." तिनं नंबर सांगितला. बाईंनी फिरवायला सुरुवात केली. बोट घसरलं, पुन्हा फिरवला.

"आई."

"हं, बोल बाळा."

"उद्या माझं नाव घेऊ नकोस."

"नाही घेणार. चर्चमध्ये अजिबात नाही..."

"चर्चमध्ये नाही, घरी नाही. देवापाशीसुद्धा घेऊ नकोस." ती थांबली. "त्याला माहितीये सगळं. तू सांगायला नकोस."

पलीकडे रिंग वाजली, जावयाच्या कामावरच्या कोणीतरी फोन उचलला, आणि बाई सवयीनं म्हणाल्या, "जोडते."

आता कळ सोडायची होती. बाईंचं बोट कळीवरच राहिलं. सोडली नाही तर एका मिनिटात सगळं कळणार होतं. मुलीला काय झालंय, पोटात कोणी आहे का, राहणार आहे का गेलंय. आईला एवढंही कळू नये का? कोणत्या आईनं सोडली असती? बाईंनी कळ सोडली. मग स्वतःवर भरवसा नाही म्हणून डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर उपडा ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. दिवा बराच वेळ जळत होता. दुसरीकडचे दिवे लागले, लोक खोळंबले, कोणी डॉक्टर तडतडला असेल. बाई त्या एका दिव्याकडे बघत होत्या. तो विझला तेव्हाही त्यांना काही कळलेलं नव्हतं.

ड्यूटी संपल्यावर त्या जिन्यापाशी उभ्या राहिल्या. वर जायचं धाडस झालं नाही. घरी आल्या तर मिस्त्री डबा धूत होता.

"पोरगी हॉस्पिटलात आहे," बाई म्हणाल्या.

"माहितीये. सकाळी मीच पोचवली."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी तिथंच तर बसलेली असते!"

"नको म्हणाली."

"मी आई आहे तिची!"

"आई आहेस आणि प्रार्थनाही करतेस," तो म्हणाला. "तिला आईची भीती नाही वाटत."

बाई भडकल्या. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. देवाला "वाढ" म्हणणाऱ्या माणसानं प्रार्थनेविषयी बोलू नये, उपदेशात घोरणाऱ्यानं तर नाहीच नाही, म्हणाल्या. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, डबा पुसला, झाकण लावलं.

"घोरतो मी. उपदेशात घोरतो. पण तुझ्या प्रार्थनेला जागा असतो, आणि डोळे उघडे ठेवतो. एक विचारू? तू मध्येच थांबतेस ना, ती कशासाठी थांबतेस?"

उत्तर त्यांना माहीत होतं. ते इतकं साधं होतं की आजवर त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्या सुस्काऱ्यासाठी थांबत होत्या. सुस्कारा नीट होऊन जाऊ दे, मग पुढचं वाक्य, असं. देव कधी सुस्कारा टाकत नाही. तो मागच्या बाकांवरून यायचा, आणि त्या कान लावून बसायच्या ते तिकडे. हॉस्पिटलात कधी ओढून न ठेवलेली कळ चर्चमध्ये मात्र त्यांनी दर रविवारी ओढून धरली होती. त्या पलंगावर बसल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "तुम्ही हे आधी का नाही बोललात?" तो म्हणाला, "मलाही ऐकायला आवडायचं ना गं." आणि हे बोलून तो स्वतःच ओशाळला.

रविवारी बाई चर्चमध्ये गेल्या. जायला नको होतं असं कोणी म्हणेल, पण शब्द दिला होता आणि न जाण्याचं कारण सांगायचं तर पुन्हा मुलीचंच नाव निघणार. नव्या इमारतीत रंगाचा वास भरून होता. बाक नवे, माईक नवा, बिशपसाहेबांच्या खुर्चीला मखमल. पाळकसाहेब आज जरा बरं बोलले. मग त्यांनी बाईंकडे मान हलवली.

बाई माईकपाशी गेल्या. चष्मा काढला, डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा." आवाज नेहमीसारखाच निघाला, याचीच त्यांना भीती वाटली. "ही भिंत, हे छप्पर, ही दारं आम्ही तुला..." पुढचं सगळं तयार होतं. आठवडाभर घोळवलेलं, एकेक शब्द पारखून घेतलेलं. आणि त्या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट होती, वॉर्डातल्या पलंगावरची, आणि ती बोलायची मनाई होती. ती सोडून बाकी काहीही बोलणं त्यांना त्या क्षणी खोटं वाटलं. छप्पर देवाला देऊन काय करायचं, मला तर माझी मुलगी हवीय. त्या थांबल्या.

या वेळी त्या सुस्काऱ्यासाठी थांबल्या नव्हत्या. पण सुस्कारा आला. "होय प्रभू, होय," चर्च म्हणालं, आणि कोणीतरी हुंदका दिला. त्यांची शांतताही लोकांना आवडली होती!

बाईंनी डोळे उघडले, चष्मा लावला. प्रार्थनेत डोळे उघडायची त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. समोर सगळी खाली घातलेली डोकी, मिटलेले डोळे, हातात तयार रुमाल. दुसऱ्या बाकावर विहीणबाईंचा एक डोळा उघडा होता आणि तो बाईंवर रोखलेला होता. नजरानजर होताच झटकन मिटला. शेवटच्या बाकावर मिस्त्री, दोन्ही डोळे उघडे.

"मला आज जमत नाहीये," बाई माईकमध्ये म्हणाल्या. "दुसऱ्या कोणीतरी करा."

आणि त्या मधल्या वाटेनं चालू लागल्या. बिशपसाहेब खाकरले. पाळकसाहेब धावत माईकपाशी आले आणि त्यांच्या कोरड्या आवाजात भिंती, छप्पर आणि दारं देवाला देऊ लागले. बाईंचा चेहरा पेटला होता. आपण हेही लोकांना दाखवायलाच केलं का, ही शंका त्यांना दारापर्यंत पोखरत होती. शेवटच्या बाकापाशी मिस्त्री कुजबुजला, "डबा सकाळी देऊन आलोय. चमचा विसरलो."

बाहेरच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या चहाची तयारी चालली होती. बाईंनी तिथला एक चमचा उचलला. दांड्याला लाल रंगाचा ठिपका होता, कारण चर्चचे चमचे घरोघरी जाऊन नाहीसे व्हायचे. त्या तो चमचा घेऊन हॉस्पिटलात गेल्या.

बायकांच्या वॉर्डात खिडकीकडच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. बाई पडद्याबाहेर उभ्या राहिल्या. फोनवर आयुष्य गेलं, आणि आता काय म्हणून हाक मारायची ते सुचेना.

"कोण आहे?" आतून मुलीनं विचारलं.

"मी."

मग, "संपली उपासना?"

"नाही."

"मग?"

"चमचा आणलाय," बाई म्हणाल्या.

मुलीनं "ये" म्हटलं नाही, पण "जा"ही म्हटलं नाही. बाई आत गेल्या. तिच्या उजव्या हातात सलाईनची सुई होती आणि डबा उशाशी तसाच बंद होता. तिला काय झालं होतं, ते इथं सांगायचं नाही. तिनं ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंय. बाईंनीही विचारलं नाही. विचारायला जीभ एकदा उचलली गेली, तेव्हा त्यांनी ती दाताखाली धरली.

मुलीनं चमच्याकडे पाहिलं. "लाल ठिपका? चर्चचा चोरलास?"

"परत देईन."

बाईंनी डबा उघडला. मऊ भात होता, थंड झालेला. सुई असलेल्या हातानं खाता येईना, म्हणून मुलीनं तोंड उघडलं. दोन-तीन घास खाल्ले, चौथ्याला मान फिरवली. बाईंनी तिचं तोंड पुसलं.

"आज काय म्हणालीस तिथं?"

"काही नाही. बसले नाही, निघून आले."

"खोटं."

"बाबांना विचार."

तेवढ्यात वॉर्डाच्या दारापाशी बोलणं ऐकू आलं. पाळकीणबाई आणि विहीणबाई, हातात समर्पणाच्या सजावटीतली फुलं. बातमी त्यांच्या कानावर कशी गेली देव जाणे. पण मंडळीत बातमीला पाय नसले तरी पोचते. मुलीनं आईकडे पाहिलं, दुकानात आत निघून जाताना पाहायची तसं. इथं आत निघून जायला जागा नव्हती.

बाई उठल्या, पडद्याबाहेर आल्या आणि पडदा पाठीमागे नीट ओढून घेतला.

"अहो बाई, किती घाबरवलंत आम्हाला!" पाळकीणबाई म्हणाल्या. "कशी आहे लेक? नेमकं काय झालंय?"

"बरी होतेय."

"पण नेमकं काय? आज संध्याकाळी आम्ही सगळ्या मिळून तिच्यासाठी बसणार आहोत. नेमकं कळलं म्हणजे मागायला बरं."

बाईंचं स्वतःचं वाक्य त्यांच्या तोंडावर येऊन आदळलं. किती जणांना आपण हे म्हटलं होतं, आणि त्यांनी काय काय काढून दिलं होतं! कोणाचं दारूचं, कोणाचं नवऱ्याचं, कोणाचं आजारपणाचं. त्यातल्या किती जणांच्या घरात नंतर पडदा ओढला गेला असेल, हे बाईंनी कधी विचारलंच नव्हतं.

"नेमकं काय ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"मला तरी?" विहीणबाई पुढे झाल्या. "मी सासू आहे तिची."

"ती उठून बसली की तिला विचारा. तिनं सांगितलं तर सांगितलं. नाही सांगितलं तर तुम्हीही माझ्यासारख्याच बसा."

पाळकीणबाईंचे डोळे भरले. त्या वाईट बाई नव्हत्या. "बाई, आम्ही तर प्रेमानंच विचारतोय हो."

"मीही प्रेमानंच केलं होतं," बाई म्हणाल्या.

फुलं बाईंच्या हातात देऊन त्या दोघी गेल्या. विहीणबाई दारापर्यंत दोनदा मागं वळून बघत होत्या. उद्या मंडळीत काय काय बोललं जाईल, याची बाईंना कल्पना होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फुलं पलीकडच्या पलंगावरच्या म्हातारीला दिली आणि पडदा सारून आत आल्या.

मुलगी छताकडे बघत पडली होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. बाई स्टुलावर बसल्या. हात धरावा का, कळेना. धरला नाही.

मुलीनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "आई, म्हण."

"काय?"

"प्रार्थना. पण मनात म्हण. मला ऐकू येता कामा नये."

बाईंनी चष्मा काढला. डोळे मिटले. इतक्या वर्षांची सवय, घोळवलेले शब्द आपोआप वर आले. त्यांनी एकेक शब्द परत खाली लोटला. शेवटी नवऱ्याच्या प्रार्थनेतलं पहिलं तेवढं उरलं, "देवा". त्याच्या पुढचं "आभार" म्हणवेना. आभार कशाचे मानायचे? त्या तिथंच अडकून राहिल्या, एका शब्दापाशी. कुठून सुस्कारा आला नाही. ऐकणारा आहे की नाही, हेही त्यांना आज ठामपणे सांगता आलं नसतं. वॉर्डात कोणाचं तरी भांडं खाली पडलं, कोणी नर्सला हाक मारली. बाईंची मान खालीच होती.

"झालं?" मुलीनं विचारलं.

"नाही अजून."

"बरं," मुलगी म्हणाली. "बस मग."